हाडाचं दाभण

वाल्बुर्गा शुल्टेला जगातल्या बहुतेक गोष्टींचा तिटकारा होता, आणि त्यात पहिला मान काळ्या अरण्यातल्या हॅमचा होता. "हाड काढतात मेले!" ती म्हणायची. "डुकराच्या मागच्या तंगडीच्या चांगल्या फऱ्यातलं हाड काढायचं, उरलेल्या मांसाचा ठोकळा करायचा, पाइनच्या धुरात काळाकुट्ट करायचा आणि वर त्याला हॅम म्हणायचं! मग माझ्या अँटोनच्या जुन्या बुटाला काय म्हणायचं?"

जर्मनीच्या वेस्टफालिया भागातल्या ऑस्टरहेगेच्या वस्तीत याबद्दल दुमत नव्हतं. तसं तिथे कशाहीबद्दल दुमत नसायचं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, आणि गेली कित्येक वर्षं बोलणारी वाल्बुर्गाच होती. वेस्टफालियाचा फरा हाडासकट, हे तिथे देवाच्या आज्ञांच्या खालोखाल मानत. नाताळाआधी डुक्कर कापायचं, फरा तळघरात मिठात घालायचा, मग चुलीवरच्या आढ्याला टांगायचा आणि खाली बीच झाडाच्या लाकडाचा धूर करायचा. धुराने काळ्या पडलेल्या त्या आढ्याला ही माणसं स्वर्ग म्हणतात. म्हणोत बापडी! ज्यांच्या स्वर्गात डुकराच्या तंगड्या लोंबतात, त्यांच्याशी वाद कोण घालणार?

वसंतात कुक्कू पक्षी पहिल्यांदा ओरडला की फरा खाली उतरवायचा. पण सुरीच्या आधी दाभण. घोड्याच्या पायाच्या हाडाचं, विणायच्या सुईएवढं बारीक दाभण सांध्यापाशी आतपर्यंत खुपसायचं, ओढून काढायचं आणि लगेच नाकाशी धरायचं. हाड वास धरून ठेवतं. फरा आतून गोड आहे की सडलाय, हे बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही, दाभणाला कळतं. वाल्बुर्गाला ते तिच्या सासूने दिलं होतं. कुक्कू ओरडल्यानंतरच्या रविवारी ते ॲप्रनच्या खिशात घालून ती घरोघर फिरायची. ती "हं" म्हणाली की त्या घरात आनंद. तिने नाक मुरडलं की तो फरा गोठ्यामागच्या खड्ड्यात. लोक तिला घाबरून असत, आणि घाबरलेल्या माणसांचा तिला फार राग यायचा. न घाबरणाऱ्यांचा त्याहून जास्त यायचा.

आणि दोन वर्षांपूर्वी, थंडी सुरू होताना, तिला ताप आला. ताप गेला तो वास घेऊन गेला.

आधी तिला वाटलं, सर्दी आहे. मग कॉफी नुसत्या कडू गरम पाण्यासारखी लागायला लागली. कांदे चिरताना डोळ्यांना पाणी आलं, पण वास नाही. गोठ्यात जाऊन तिने गाईच्या अंगाला नाक लावलं. काही नाही. तिने हे डॉक्टरला सांगितलं नाही आणि मुलाला, क्लेमेन्सलाही नाही. वाल्बुर्गा शुल्टेचं नाक गेलं, असं कुणी म्हणायच्या आधी आपण गेलेलं बरं, असं तिचं मत होतं.

पण वसंत काही थांबेना. कुक्कू ओरडला आणि ती पहिल्या घरी गेली, शेजारच्या बेर्नहार्ड लोहकांपच्या. दाभण खुपसलं, काढलं, नाकाशी धरलं. काहीच वास नाही, रिकाम्या पेल्यात नाक घालावं तसं! वेळ काढायला तिने वर पाहिलं, तर बेर्नहार्डच्या कपाळावर घामाचे थेंब. "सडलाय," ती म्हणाली. बेर्नहार्डने लगेच कबुली दिली. "मीठ कमी पडलं होतं काकू. मी बायकोला म्हटलंच होतं!" झालं. त्या दिवसापासून वाल्बुर्गा फऱ्यांचा नाही, चेहऱ्यांचा वास घ्यायला लागली. ज्याच्या मनात पाप, त्याचा फरा खड्ड्यात. ज्याचा चेहरा निवांत, त्याला "हं."

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण शाळेचे मास्तर थेओडोर पोपेलबाउम यांच्याकडे ती गेली, तेव्हा तिला खोडी सुचली. मास्तरांचा चेहरा अगदी निवांत होता. या माणसाला उगाच लॅटिन शब्द फेकायची सवय, आणि तिला त्याचं भारी वावडं. तिने मुद्दाम नाक मुरडलं आणि दाभण त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग म्हणाले, "हो... जरा... येतोय खरा. अगदी सूक्ष्म." आणि स्वतःचा धडधाकट फरा स्वतःच्या हाताने उचलून खड्ड्यात टाकून आले!

वाल्बुर्गा घरी येऊन चुलीपाशी बसली, आणि तिला हसू येण्याऐवजी शिसारी आली. एवढी नाकं वस्तीत, एकालाही वास घ्यायची हिंमत नाही. मेंढरं नुसती! त्या दिवसापासून तिची जीभ आणखी तिखट झाली. आणि मनात भीती बसली, की एखाद्या दिवशी एखादं मेंढरू खरंच हुंगेल.

क्लेमेन्स तेवढा या कळपातला नव्हता, असं ती मानायची. अबोल पोरगा. कधी आवाज चढवत नसे, सकाळी दुधाचा मग एका दमात रिकामा करायचा, "छान" म्हणायचा आणि कामाला लागायचा. नवरा अँटोन गेल्यावर तिने हे शेत एकटीने ओढलं ते याच्यासाठी. आणि हा पठ्ठ्या गोठ्याच्या छपरासाठी लाकूड आणायला काळ्या अरण्यात गेला आणि लाकडाबरोबर मुलगी ठरवून आला.

"आई, ही आगाथे."

आगाथे उंच होती, रुंद हातांची, आणि तिच्या कपाळावर कायमची एक आठी होती, काहीतरी हिशेबात बसत नसल्यासारखी. तिच्या बापाची लाकडाची गिरणी होती. वाल्बुर्गाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे तुमच्याकडे हाड काढतात."

"काढतात," आगाथे म्हणाली. "हाडापाशी लवकर सडतं ना, म्हणून."

"वा! म्हणजे उद्या सर्दी होईल म्हणून आज नाकच कापायचं!"

"तुमची पद्धत अवघड आहे," आगाथे शांतपणे म्हणाली. "चूक असं मी म्हटलं नाही."

वाल्बुर्गाला हे उत्तर अजिबात आवडलं नाही, कारण त्यात भांडायला जागा नव्हती. तिने तिथल्या तिथे अट घातली. या घरात यायचं तर हाडासकट फरा करून दाखव. या हिवाळ्यात इथे राहा, स्वतःच्या हाताने खारव, स्वतःच्या हाताने टांग. कुक्कू ओरडला की शेजाऱ्यांच्या देखत दाभण घालीन. पास झालीस तर लग्न, नाहीतर आपली गिरणी गाठायची.

"आणि तू नापास केलंस तर मीही गिरणीत जाईन," क्लेमेन्स म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून तिला आधी नीट कळलंच नाही. "तिच्या बापाला माणूस हवाच आहे, आई. मी खरंच जाईन."

"जा की! तिकडे हाडं काढत बस!" ती म्हणाली. पण त्या दिवशी गोठ्यात गाईंना चारा घालताना तिचा हात मध्येच थांबला. हा गेला तर हे सगळं कुणासाठी?

डुक्कर कापलं. तळघरात दोन फरे शेजारी शेजारी आले, एक आगाथेचा, एक वाल्बुर्गाचा. आगाथेने बाह्या वर केल्या आणि अंगठ्याने मांडीची शीर वरून खाली दाबत नेली. उरलेलं रक्त थेंबाथेंबाने बाहेर आलं. मग सांध्याच्या खाचेत बोटाने मीठ ठासलं, पुन्हा दाबलं, पुन्हा ठासलं. वाल्बुर्गा बाजूला उभी राहून बघत होती.

"अगं, फरा खारवतेस की बाळाला मालिश करतेस?"

"इथेच सडतं," आगाथे मान वर न करता म्हणाली.

वाल्बुर्गाने शिरा दाबायचं कधीच सोडून दिलं होतं. नाक असलेल्या बाईला त्याची गरज नसते. मीठ लावायचं, रोज सकाळी फऱ्यावर वाकून हुंगायचं आणि कुठे रक्ताचा वास राहिलाय तिथे पुन्हा मूठभर मीठ घालायचं, अशी तिची रीत. यंदाही ती रोज सकाळी तळघरात उतरली, रोज वाकली, रोज हुंगल्यासारखं केलं. मागच्या वर्षी नशिबाने साथ दिली होती, यंदा का देणार नाही?

"फ्राऊ शुल्टे," एकदा आगाथे म्हणाली (फ्राऊ म्हणजे श्रीमती, ती तशीच अदबीने हाक मारायची), "तुमच्या फऱ्याच्या शिरेत रक्त राहिलंय. मी दाबू का?"

"तू?" वाल्बुर्गा सरळ उभी राहिली. "माझा फरा दाबायला काळ्या अरण्यातून माणूस मागवायची पाळी अजून आलेली नाही. तू तुझं बघ."

आगाथेच्या कपाळावरची आठी आणखी खोल झाली आणि ती आपल्या फऱ्याकडे वळली. ही पोरगी नखरेल आहे, हे वाल्बुर्गाने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. सकाळी दुधाचा मग समोर ठेवला की ती तो बाजूला सारायची आणि काळी कॉफी प्यायची. "आमच्या गाईंचं दूध चालत नाही वाटतं राजकन्येला?" वाल्बुर्गा विचारायची. आगाथे क्लेमेन्सकडे बघायची. क्लेमेन्स आपला मग एका दमात रिकामा करायचा आणि म्हणायचा, "छान."

दोन्ही फरे स्वर्गात गेले, आणि तिथे धुरात सुखाने लोंबत राहिले. हिवाळा ओसरला. एके सकाळी बेर्नहार्ड लोहकांप धावत अंगणात आला.

"ओरडला! ओरडला काकू! कुक्कू! मी स्वतः ऐकला!"

बेर्नहार्ड दरवर्षी सगळ्यांच्या आधी कुक्कू ऐकायचा. त्याच्या आधी कधी कुणी ऐकला नव्हता आणि त्याच्या बरोबरही कुणी ऐकला नव्हता. पण तो "ओरडला" म्हणाला की वस्तीतल्या सगळ्यांना आठवायचं, की हो, आपणही ऐकला बरं का. संध्याकाळपर्यंत मास्तर पोपेलबाउमनी तर तो कोणत्या झाडावरून ओरडला तेही सांगितलं. असली ही वस्ती.

रविवारी चर्चमधून सगळे शुल्टेंच्या स्वयंपाकघरात आले. बेर्नहार्ड आणि त्याची बायको मेख्टिल्ड पुढे, कारण ते पहिले शेजारी. लग्न असो की मयत, पहिल्या शेजाऱ्याचा हक्क पहिला. मागे मास्तर आणि त्यांच्या मागे बाकीचे. टेबलावर काळा पाव कापून ठेवला होता, धान्याच्या दारूची बाटली होती, आणि मधोमध दोन फरे. क्लेमेन्स दाराशी उभा होता. आगाथे टेबलाच्या टोकाला, हात पोटाशी धरून.

"आधी पाहुणीचा," वाल्बुर्गा म्हणाली.

तिने दाभण खुपसलं. हाडाला टेकलेलं कळलं. ओढून काढलं आणि नाकाशी धरलं. नेहमीसारखं, काही नाही. मग तिने तिच्या खऱ्या कामाला सुरुवात केली. दाभणावरून डोळे उचलून आगाथेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे ती आठी होती, आणि आज इतर दिवसांपेक्षा खोल. पोरगी फऱ्याकडे अशी बघत होती, की तिला स्वतःलाच त्याची खात्री नाही. सापडली! वाल्बुर्गाला आतून गुदगुल्या झाल्या. अंगठ्याने मालिश करते म्हणे!

"सडलाय," ती म्हणाली.

दाभण मेख्टिल्डकडे गेलं. "शी! बाई गं!" ती किंचाळली. बेर्नहार्डने हुंगून मान झटकली. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "निःसंशय. हाडापाशी कुजलंय. मला तर दारातच आला होता वास."

"मी बघू?" आगाथेने हात पुढे केला.

वाल्बुर्गाने दाभण चटकन ॲप्रनला पुसलं. "तुझ्या नाकाला काय कळणार? बिनहाडाचं खाणारी तुम्ही माणसं."

दाराशी खुंटीवरून कोट काढल्याचा आवाज झाला. क्लेमेन्स कोटाची एक बाही चढवत होता. वाल्बुर्गाने ते पाहिलं. पण पाहुणे बघत होते, आणि पाहुण्यांसमोर मागे फिरायची तिला सवय नव्हती. थांबेल, ती मनात म्हणाली. माझा फरा खाल्ल्याशिवाय कुठे जातोय?

"आता बघा, फरा कशाला म्हणतात ते!" तिने दाभण स्वतःच्या फऱ्यात घातलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. "हं."

दाभण पुन्हा फिरलं. मेख्टिल्डने हुंगलं, जरा थबकली, मग म्हणाली, "अहाहा." बेर्नहार्ड म्हणाला, "काकू, याला म्हणतात वास!" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भरून आलं असावं.

वाल्बुर्गाने सुरी घेतली, पातळ काप काढले आणि पावावर घालून सगळ्यांना वाढले. एक ताटली तिने मुद्दाम क्लेमेन्सच्या जागेवर ठेवली. पहिला घास रीतीप्रमाणे तिचा. तिला खारट लागलं. दोन वर्षं तिला सगळं खारट, गोड, आंबट, कडू एवढंच लागत होतं, त्यामुळे हेही चांगलंच असणार. तिने सावकाश चावलं आणि सगळ्यांनी तिच्या मागोमाग चावायला सुरुवात केली.

"तोंडात ठेवला की विरघळतोय," मेख्टिल्ड म्हणाली. गालात घास तसाच होता.

"यंदाचा सगळ्यात भारी," बेर्नहार्ड म्हणाला आणि दारूचा पेला एका घोटात संपवला.

एवढ्यात आगाथेने आपला पाव तोंडाजवळ नेला, थांबली, पुन्हा हुंगला, आणि ताटलीत ठेवून दिला. मग ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिने वाल्बुर्गाच्या हातातला उरलेला घास काढून घेतला. हो, सरळ हातातून!

"खाऊ नका, फ्राऊ शुल्टे. सडलाय हा. आजारी पडाल."

मग वस्ती उसळली.

"काय आगाऊ पोरगी आहे!" मेख्टिल्ड ओरडली. "स्वतःचा नापास झाला म्हणून जळते!"

"वाल्बुर्गाकाकूंच्या फऱ्याला नावं ठेवतेस? ऑस्टरहेगेत?" बेर्नहार्ड म्हणाला.

मास्तरांनी घसा साफ केला. "बाळ, याला परिपक्वता म्हणतात. उदात्त परिपक्वता. तुमच्या डोंगरात ती पोचायला अजून शंभर वर्षं लागतील."

दोन वर्षं वाल्बुर्गा चेहरे वाचत आली होती, तेच तिने आता केलं. आगाथेचा चेहरा पाहिला, तर तिथे फक्त काळजी होती. मग इतरांचे पाहिले. बेर्नहार्डचा घास गिळला जात नव्हता, गळ्याची घाटी वर-खाली होत होती. मेख्टिल्ड रुमाल तोंडाला लावून घास हळूच त्यात काढत होती. मास्तर पांढरे पडले होते आणि तरी हसत होते. सगळ्यांना कळलं होतं. पहिल्या हुंगण्यातच कळलं होतं! आणि तरी यांनी चावलं, आणि मला चावू दिलं. मी मेले असते तर हेच लोक माझ्या थडग्यावर म्हणाले असते, वा काकू, काय छान मेलात!

तिच्या मनात संताप उसळला, आणि त्यात तिला एक गोष्ट स्वच्छ दिसली. आता नुसता दुसरा घास घेतला की झालं. सगळी वस्ती तिच्या बाजूने होती. नाक शाबूत, मान शाबूत, पोरगी खोटी. आणि क्लेमेन्स कोटाची दुसरी बाही चढवून निघून जाईल. ही मेंढरं तेवढी उरतील जन्मभर, आणि त्यांच्यात खरं बोलणारं एक माणूस आलं होतं तेही गेलेलं असेल.

तिने दाभण उचललं आणि आगाथेपुढे धरलं.

"तुझ्या फऱ्यात घाल. आणि तूच सांग."

"काकू!" मेख्टिल्ड म्हणाली. "तिचा ती चांगलाच म्हणणार ना!"

"तू रुमाल खिशात घाल आधी."

आगाथेने दाभण खुपसलं, ओढलं आणि नाकाशी धरलं. ती फार वेळ हुंगत राहिली. "म्हण ना चांगला आहे," क्लेमेन्स दाराशी पुटपुटला. एका शब्दावर तिचं लग्न होतं आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आगाथेने दाभण खाली केलं.

"सडलेला नाही," ती म्हणाली. "पण तयारही नाही. हाडापाशी अजून कच्चा वास येतोय. सकाळपासून मला तीच शंका होती. जूनमधल्या सेंट जॉनच्या सणापर्यंत टांगायला हवा." मग जरा थांबून, "म्हणजे अटीप्रमाणे मी नापासच."

"बघा, बघा! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं!" बेर्नहार्डला आनंद झाला.

वाल्बुर्गा खुर्चीत बसली. तिला अचानक खूप दमल्यासारखं वाटलं, आणि हलकंही.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. कशाचाच येत नाही."

मग मास्तर पोपेलबाउम हळूच म्हणाले, "मला शंका होतीच."

"मी तर घरी म्हटलंही होतं," मेख्टिल्ड म्हणाली. "म्हटलं होतं ना रे बेर्नहार्ड?"

"होतं."

"वा!" वाल्बुर्गा उठली. आवाज पूर्ववत झाला होता. "म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत! मग मास्तर, स्वतःचा चांगला फरा खड्ड्यात का टाकलात? आणि आता हे समोर काय आहे? विरघळतोय ना? उदात्त आहे ना? मग संपवा. एकानेही ताटलीत ठेवायचं नाही. नाहीतर मोठ्याने म्हणा, की सडलाय, आणि मग घरी जा."

बेर्नहार्डने पाव उचलला, पाहिला, खाली ठेवला. "जरासा... सडलाय," तो म्हणाला. मेख्टिल्ड तेच म्हणाली, नवऱ्याहून हळू. मास्तरांनी लॅटिनमध्ये काहीतरी म्हटलं. "मराल पण सरळ बोलणार नाही!" वाल्बुर्गा कडाडली, तेव्हा त्यांनी तेच सगळ्यांसारखं म्हटलं आणि टोपी घेतली. माणसं रांगेने बाहेर पडली आणि गोठ्यामागे कुणालातरी ओकारी झाल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघरात तिघंच उरली. क्लेमेन्सने कोट पुन्हा खुंटीला अडकवला. आगाथे दाभण पुसत होती.

"फ्राऊ शुल्टे, एक सांगू?"

"आता आणखी काय राहिलंय?"

"दूध. सकाळचं दूध बऱ्याचदा आंबलेलं असतं. मी आले तेव्हापासून. मी क्लेमेन्सला म्हटलं होतं, आईला सांग. तो म्हणाला, जाऊ दे, पिऊन टाकायचं."

वाल्बुर्गा मुलाकडे वळली. तो जमिनीकडे बघत होता. दोन वर्षं, रोज सकाळी, एका दमात. छान! दूध आंबट लागतं ते आपल्या तोंडाचीच चव गेली म्हणून, असं ती स्वतःला समजावत आली होती, कारण हा समोर बसून छान म्हणत होता. सगळ्या वस्तीत हा एक तिने वेगळा काढून ठेवला होता.

"तूही?"

"तुला वाईट वाटलं असतं, आई."

तिने आगाथेच्या हातातलं दाभण घेतलं आणि त्या पोरीच्याच ॲप्रनच्या खिशात नीट खोचलं. "तुझा फरा परत वर टांग. सेंट जॉनला उतरवू, लग्नात कापू. आणि मला फ्राऊ शुल्टे म्हणणं बंद कर, ते नाव आता तुला लागेल. हाडं काढणाऱ्यांच्या घरात असलं नाक कुठून आलं, देव जाणे! चल दुधाच्या खोलीत." ती दारापर्यंत गेली आणि वळली. क्लेमेन्सही मागोमाग निघाला होता. "तू कुठे? तू बस. तुला सगळं चालतं ना? मग ती तुझी ताटली संपव."

क्लेमेन्स बसला. त्याने ताटलीतला काप पाहिला, आईकडे पाहिलं, पुन्हा काप पाहिला.

"नको आई," तो शेवटी म्हणाला. "घाण वास येतोय."

"हं," वाल्बुर्गा म्हणाली.